जमशेटजी टाटा : खोपोलीच्या विजेआधी त्यांनी इंजिनीअर घडवायला घेतले

खोपोलीहून बोरघाट चढायला लागलं की डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे जाडजूड लोखंडी पाइप दिसतात. कर्जत तालुक्यात भिवपुरी कॅम्पलाही तसेच पाइप आहेत. टाटाचं पॉवर हाऊस म्हणून आपल्याकडचं शेंबडं पोरही ते ओळखतं. पण ज्या माणसाने या कामाचा ध्यास घेतला, त्याला हे पॉवर हाऊस बघायला मिळालंच नाही. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये गेले. खोपोलीची वीज सुरू झाली १९१५ मध्ये.

जमशेटजींचं नाव निघालं की ताज हॉटेल आठवतं, पोलादाचा कारखाना आठवतो. त्यांच्या कामाचा आणखी एक भाग आहे, त्याची चर्चा कमी होते. शिकलेल्या तरुणाला डिग्रीनंतर हात कोण देणार, हा प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हाती घेतला होता. डिप्लोमा किंवा बी.ई. करून नोकरीची वाट बघणारी पोरं आज आपल्या गावोगावी आहेत. त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी हा भाग जरूर वाचावा.

नवसारीचा मुलगा

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेत नवसारीला झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी पिढीजात वाट सोडली आणि मुंबईत येऊन व्यापार सुरू केला. मुलगाही शिक्षणासाठी मुंबईला आला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये तो शिकून बाहेर पडला आणि वडिलांच्या धंद्यात शिरला. पुढच्याच वर्षी त्याला हाँगकाँगला पाठवण्यात आलं.

पुढची वाट सरळ नव्हती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन कोसळले. मुंबईतली कितीतरी घरं बुडाली, त्यात टाटांचंही नुकसान झालं. जमशेटजी तेव्हा लंडनला होते. देणेकऱ्यांना टाळण्याऐवजी ते स्वतः जाऊन त्यांना भेटले आणि हिशोब समोर ठेवला. त्यांचा सरळपणा बघून देणेकऱ्यांनी धंद्याचा निकाल लावायचं काम त्यांच्याकडेच दिलं, तेही पगार देऊन.

१८६८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. मुंबईत चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिथे कापसाची गिरणी चालवली आणि ती नफ्यात विकली. हातात पैसा आला होता, पण कापड गिरणीतलं बारीकसारीक आपल्याला अजून समजलेलं नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून ते पुन्हा इंग्लंडला गेले. लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये फिरून त्यांनी यंत्रं बघितली, काम बघितलं, माणसं कशी शिकवतात ते बघितलं. तिशी ओलांडलेला, धंद्यात बसलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला.

नागपूरची गिरणी आणि उमेदवारी

तिथून आल्यावर सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना त्यांनी नागपूर निवडलं. कापूस तिथे पिकत होता, रेल्वे होती, कोळसाही फार लांब नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी मेहता यांना नेमलं. बेझनजी रेल्वेतून आलेले होते, गिरणीचा अनुभव त्यांना नव्हता. पण माणूस हुशार आहे, शिकेल, हे जमशेटजींनी हेरलं होतं. झालंही तसंच.

एम्प्रेस मिलमध्ये शिकलेल्या तरुणांना उमेदवारीवर घ्यायची पद्धत सुरू झाली. पुस्तकातलं शिक्षण घेऊन आलेल्या पोराने खात्याखात्यातून फिरायचं, यंत्राला हात लावायचा, कामगाराबरोबर उभं राहायचं आणि मग जबाबदारी घ्यायची. नवीन पद्धतीची रिंग चाती आली, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्याही ती घ्यायला कचरत होत्या. जमशेटजींनी ती आधी आपल्याकडे लावून बघितली. हाताखाली शिकलेली माणसं असल्याशिवाय असले प्रयोग होत नाहीत. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई त्यांनी सुरू केली. कायद्याने तसं बंधन तेव्हा नव्हतं.

फुकट नको, कर्जाऊ द्या

१८९२ मध्ये त्यांनी आणखी एक काम केलं. हुशार मुलांना परदेशात उच्च शिक्षण घेता यावं म्हणून जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी उभा केला. सुरुवातीला तो पारशी विद्यार्थ्यांसाठी होता, दोनच वर्षांत सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना खुला झाला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या. बाईने परदेशी जाऊन शिकणं त्या काळात सोपं नव्हतं.

या निधीची गंमत अशी की मिळणारी रक्कम कर्जाऊ असते. शिकायचं, कमवायचं आणि पैसे परत करायचे. त्या पैशातून पुढचा विद्यार्थी जातो. दान घेतल्याची खंत मनात राहत नाही आणि निधीही आटत नाही. आपल्याकडच्या बचत गटातल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि कोल्हापूरला जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे दोघेही या निधीतून शिकले. हा निधी आजही चालू आहे.

लॉर्ड कर्झन यांची शंका

मोजकी मुलं परदेशी पाठवून देश उभा राहणार नाही, हेही जमशेटजींना दिसत होतं. असं शिक्षण इथेच मिळायला हवं होतं. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या मोठ्या संस्थेसाठी मुंबईतली सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. त्या काळचे ३० लाख! योजना तयार करायला बरजोरजी पादशाह हे सहकारी परदेशातल्या संस्था बघून आले. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेला जाताना जहाजावर स्वामी विवेकानंदांची भेट झाली होती. त्यांनाही जमशेटजींनी या कामासाठी पत्र लिहिलं.

डिसेंबर १८९८ मध्ये नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरले आणि ही योजना त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यांनी दोन शंका काढल्या. एवढ्या वरच्या शिक्षणाला पुरेसे लायक विद्यार्थी मिळतील का? आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना नोकऱ्या कुठे आहेत?

दुसरी शंका आज कर्जतच्या चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळते. पोरगा इंजिनीअर झाला, पुढे काय? ही शंका खोटी नव्हती. त्या वेळी देशात मोठा पोलाद कारखाना नव्हता, मोठी वीज कंपनी नव्हती. मग शिकलेला इंजिनीअर जाणार कुठे?

जमशेटजींचं आयुष्यभराचं काम बघितलं तर या शंकेचं उत्तर त्यांच्या योजनांमध्येच सापडतं. एका हाताने ते इंजिनीअर घडवायची सोय करत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यासाठी काम उभं करत होते. पोलाद, वीज आणि संस्था, तिन्हींची जुळवाजुळव एकाच वेळी चालली होती. नुसत्या डिग्र्या वाटल्या तर पोरं बेकार राहतात. नुसते कारखाने काढले तर इंजिनीअर बाहेरून आणावे लागतात.

बोरघाटातलं पाणी

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांब बंगालकडून यायचा, महाग पडायचा आणि धुराने शहर काळं व्हायचं. सह्याद्रीत मात्र पावसाळ्यात धो धो पाणी पडून वाहून जात होतं. हे पाणी लोणावळ्याच्या बाजूला अडवून घाटाखाली सोडलं तर मुंबईला वीज देता येईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. अभ्यास सुरू झाला, परवानग्यांची धावपळ सुरू झाली. पण प्रकृती साथ देईना. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. संस्था, पोलाद, वीज, तिन्ही कामं तेव्हा कागदावरच होती.

ती पुरी केली मुलगा दोराबजी आणि सहकाऱ्यांनी. म्हैसूर संस्थानने बंगळूरला ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. टाटा हायड्रो कंपनी १९१० मध्ये निघाली. मग १९११ हे साल बघा. फेब्रुवारीत लोणावळ्याला धरणाच्या कामाचा पाया घातला गेला आणि जुलैमध्ये बंगळूरला पहिले विद्यार्थी दाखल झाले. तिथल्या पहिल्या विभागांत विजेच्या तंत्राचा विभाग होता. म्हणजे आपल्या घाटात वीज तयार करायची तयारी चालू असताना तिकडे विजेचे भारतीय इंजिनीअर तयार व्हायला लागले होते.

११ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीच्या विजेचं उद्घाटन झालं. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथलं साठवलेलं पाणी पाइपातून ५०० मीटरपेक्षा जास्त खाली येतं, त्याची धार चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं आणि वीज तयार होते. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. वीज तयार झाल्यावर खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं, भिवपुरीचं पाणी पेज नदीतून पुढे उल्हास नदीत जातं. उन्हाळ्यात या नद्यांना पाणी दिसतं, ते यामुळेच.

या विजेची किंमत घाटावरच्या शेतकऱ्यांनीही मोजली. धरणात जमिनी गेल्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मोठा सत्याग्रह झाला. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते, पण टाटांच्या विजेची गोष्ट सांगताना मावळ्यांचं हे दुःख गाळून चालणार नाही.

पोलादाची गोष्टही अशीच झाली. जमशेदपूरला १९१२ मध्ये पोलाद निघालं, तेव्हा वरच्या जागांवर बहुतेक परदेशी माणसं होती. त्यांच्या जागी इथले तरुण यावेत म्हणून १९२१ मध्ये कंपनीने तिथे तांत्रिक संस्था काढली. जमशेटजींची उमेदवारीची रीत पुढच्या पिढीनेही सोडली नाही.

आपल्या पोरांसाठी यात काय आहे?

आज रायगड जिल्ह्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, कर्जत तालुक्यातही इंजिनीअरिंग शिकता येतं. खोपोली, रसायनी, पाताळगंगा पट्ट्यात कारखाने आहेत. डिग्री आणि पगार यांच्यामधली दरी मात्र अजून तशीच आहे. ती ओलांडायला जमशेटजींच्या काळच्या तिन्ही वाटा आजही उघड्या आहेत.

पहिली वाट उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये बदल झाला, तेव्हापासून डिग्री आणि डिप्लोमाच्या इंजिनीअरांनाही कंपनीत प्रशिक्षण घेता येतं. मुदत साधारण एक वर्ष, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर मोबाइलवरूनही नाव नोंदवता येतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ वाटेला लावा.

दुसरी वाट पुढच्या शिक्षणाची. गेट परीक्षेत चांगले गुण मिळवले तर बंगळूरची संस्था किंवा आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळू शकतो आणि शिकताना दरमहा विद्यावेतनही मिळतं. सरकारी कंपन्यांपैकी काही कंपन्या याच गुणांवर भरती करतात.

तिसरी वाट परदेशी शिक्षणाची. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती दरवर्षी जाहीर होते. अर्ज अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा.

यातलं काहीच घरबसल्या होत नाही. पण ज्याला माहिती असते तोच अर्ज करतो, आणि आपल्या वाड्या-पाड्यांवर ही माहिती वेळेत पोचत नाही, हे खरं दुखणं आहे. तुमच्या शेजारी, नात्यात, वाडीवर कुणी पोरगा किंवा पोरगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर या तीन वाटा तिच्या-त्याच्या कानावर आजच घाला.