सदावर्ताची पंगत आणि हाताला काम

नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते, तेव्हा वाटेच्या कडेला आणखी एक रांग बसलेली असते. कोणी पायाने अधू, कोणी दृष्टिहीन, कोणाच्या हाताची बोटे झडलेली. पुढ्यात फडके पसरलेले असते आणि दर्शनाला जाणारा माणूस पुण्याचा वाटा म्हणून त्यावर एक नाणे टाकून पुढे सरकतो. यात्रा पांगली की ही रांगही दुसऱ्या तीर्थाची वाट धरते. महाराष्ट्रातील बहुतेक देवस्थानांच्या पायऱ्यांवर दिसणाऱ्या या रांगेकडे अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी क्वचितच लक्ष दिले. ते दिले अक्षरओळख नसलेल्या एका कीर्तनकाराने. चांदवडहून आग्रा रोडने पासष्ट किलोमीटरांच्या आसपास गेले की नाशिक लागते. तेथे गोदावरीच्या काठी त्याची धर्मशाळा आहे.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडिलांना दारूने ग्रासले आणि डेबू लहान असतानाच ते गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी आली. तेथे मामाची गुरे राखीत आणि पुढे शेत कसत डेबू वाढला. नांगरटीत आणि पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण अंगातली ताकद सावकाराच्या वहीपुढे चालत नाही, हेही त्याला त्याच वयात कळले. मामाची जमीन कर्जाच्या व्यवहारात हातची गेली. कष्ट कोणी उपसायचे आणि पीक कोणाच्या घरात जायचे, हा धडा त्याने पुस्तकाविना घेतला. पुढील सर्व कीर्तनांतून कर्ज काढून सण करण्यावर जो प्रहार होत असे, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी, खराटा आणि एक मडके, एवढाच संसार. तथापि रूढ अर्थाने ते भिक्षेकरी नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. गावात शिरताच ते रस्ता झाडीत, कोणाची लाकडे फोडून देत, चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा देत आणि त्यानंतरच भाकरी मागत. मोबदला भाकरीपलीकडे गेला तर तो नाकारीत. काम आधी आणि अन्न मागून, हा नियम त्यांनी स्वतःवर इतक्या कठोरपणे लादून घेतला होता की, स्वतः उभारलेल्या धर्मशाळांतील अन्नावरही त्यांनी आपला हक्क मानला नाही.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे झाला. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीला घाट नव्हता, उतार निसरडा होता आणि म्हातारीकोतारी माणसे चिखलात घसरून पडत. बाबांनी प्रथम एकट्याने तो उतार नीट करण्यास प्रारंभ केला आणि पुढे लोकवर्गणीतून घाट बांधला गेला. दुबळ्या पायांनाही नदीपर्यंत पोहोचता यावे, हा विचार त्यामागे होता. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात असे बंधन कायद्याने घातले, ते त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. याच यात्रेत ते आंधळे, पांगळे आणि कुष्ठरोगी यांना एकत्र बसवून जेवू घालीत. लोक ज्यांची सावली टाळीत, त्यांच्या पंगतीत बाबा स्वतः वाढीत.

पुढील पन्नास वर्षांत पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा क्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैसा आला तो कीर्तनांतून, आणि कोणत्याही संस्थेत आप्तांचा हात राहू नये यावर त्यांचा कटाक्ष असे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. नाशिकला अंध व पंगू माणसांसाठी सदावर्त सुरू झाले. ज्याला कोणी कामाला लावीत नाही आणि घरी ज्याचे ताट ओझे वाटते, अशा माणसाच्या पोटाची भ्रांत त्याने मिटविली.

मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळील धर्मशाळा हे त्यांचे सर्वांत दूरदर्शी काम म्हणावे लागेल. खेड्यातला रोगी शहरात आणला की औषधापेक्षा अधिक खर्च त्याच्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवण्यावर होतो. शिवाय त्यांची मजुरी बुडते ती वेगळीच. हा खर्च परवडत नाही म्हणून उपचार अर्ध्यावर टाकून माणसे गावी परततात. जो पाय वाचला असता तो जातो, जो डोळा राहिला असता तो विझतो. उपचार पुरा करायचा तर कर्ज काढावे लागते आणि त्यापायी जमिनीचा तुकडा विकला जातो. दारिद्र्यातून अपंगत्व आणि अपंगत्वातून पुन्हा दारिद्र्य असा हा फेरा आहे. मामाच्या जमिनीची गत डोळ्यांनी पाहिलेल्या बाबांनी तो नेमक्या जागी अडविण्याचा प्रयत्न केला. रुग्णाच्या नातेवाइकाला छप्पर दिले की कर्जाचे निदान एक कारण तरी टळते.

बाबांच्या उपदेशाचे सार दहा कलमांत सांगितले जाते आणि त्यांच्या धर्मशाळांच्या भिंतींवर ते रंगविलेले आढळते. त्यांत अंध, पंगू व रोगी यांच्या वाट्याला औषधोपचार आला आहे आणि बेकारांच्या वाट्याला रोजगार. ही दोन कलमे वेगवेगळी आहेत. पंगू माणूस हाच बेकारही असतो, ही गोष्ट त्या यादीत एकत्र आलेली नाही. याचा दोष एकट्या बाबांना देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या काळात खेड्यातले काम म्हणजे अंगमेहनत, आणि ज्याचे अंग चालत नाही त्याला काम कोणते, या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. परंतु ज्या पुरुषाने स्वतः कामावाचून भाकरीला हात लावला नाही, त्याच्या पंगतीतली माणसे मात्र कामावाचून जेवत राहिली, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

बाबांच्या पश्चात शासनानेही तीच दोन कलमे तशीच वेगळी ठेवली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राने ग्रामीण माणसाला कामाचा हक्क दिला. हे देशात अपूर्व होते. पण काम होते माती खणण्याचे आणि खडी फोडण्याचे, आणि मजुरी होती खणलेल्या मातीच्या मापावर. एका हाताच्या माणसाला हा हक्क कागदावरच राहिला. १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे सदावर्ताचेच सरकारी रूप. नोकऱ्यांतील राखीव जागा १९९५ च्या कायद्याने तीन टक्के आणि २०१६ च्या कायद्याने चार टक्के झाल्या, परंतु त्या सरकारी नोकऱ्यांत. शेतमजुराच्या अपंग मुलाला त्यांचा उपयोग किती? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या आसपास अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशातील अपंगांपैकी काम करणारे होते ३६ टक्के, स्त्रियांत तर २३ टक्केच. उरलेल्यांत मुले व वृद्ध आहेत हे मान्य. पण वर्षातले थोडेच दिवस काम मिळालेलेही त्या ३६ टक्क्यांत धरलेले आहेत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक, प्रवासातच, बाबांचे निधन झाले. त्यांचे अन्नदानाचे कार्य अनुयायांनी चालू ठेवले.

चांदवडच्या परिसरात कांद्याची खळी आहेत. तेथे कांदा निवडण्याचे, लहान-मोठा वेगळा करण्याचे काम बायका दिवसभर बसून करतात. पाय नसलेल्या माणसाला ते करता येणार नाही असे त्यात काही नाही. अडचण आहे ती घरापासून खळ्यापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरांची, मजूर गोळा करणाऱ्या टेम्पोत चढण्याची आणि त्याला कामावर घेण्याचा विचार मुकादमाच्या मनातच न येण्याची. गावाला त्याची आठवण होते ती यात्रेच्या दिवशी.