रक्ताची वाट शोधणारे विल्यम हार्वे

हृदय आकुंचन पावते आणि रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सतराव्या शतकाच्या आरंभी मात्र असे म्हणणे धाडसाचे होते. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन यांचे मत युरोपात सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले जात होते. रक्त यकृतात अन्नापासून तयार होते, नीलांमधून अवयवांकडे जाते आणि तेथेच संपते, असे ते मत. हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून थोडे रक्त पलीकडे झिरपते, अशीही समजूत होती. ती छिद्रे कोणी पाहिली नव्हती!

विल्यम हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन येथे झाला. केंब्रिजनंतर त्यांनी इटलीतील पादुआ विद्यापीठातून १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. तेथील गुरू फॅब्रिशियस यांनी नीलांमधील झडपांचा अभ्यास केला होता; पण त्या केवळ रक्ताचा वेग रोखतात, असे त्यांना वाटे. शिष्याने त्याच झडपांचा वेगळा अर्थ लावला. दंडाला पट्टी आवळून फुगलेली नीला बोटाने दाबली, की रक्त हृदयाच्या दिशेनेच सरकते, उलट सरकत नाही, हे हार्वे यांनी दाखविले.

त्याहून प्रभावी ठरला त्यांचा साधा हिशेब. प्रत्येक ठोक्याला फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात एक हजार ठोके पडतात असे धरले, तरी ते पाचशे औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो होते. एवढे रक्त सबंध शरीरातही नसते. मग यकृत ते दर अर्ध्या तासाला नव्याने कोठून आणणार? तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे.

१६२८ मध्ये फ्रँकफर्ट येथे त्यांचा ७२ पानांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. हार्वे तेव्हा राजवैद्य होते, तरीही ग्रंथानंतर त्यांच्याकडील रुग्ण घटले, अशी नोंद त्यांचे परिचित जॉन ऑब्री यांनी केली आहे. पॅरिसच्या रिओलाँ यांनी घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी १६४९ मध्ये उत्तर दिले. दरम्यान यादवी युद्धात सैनिकांनी त्यांचे लंडनमधील निवासस्थान लुटले आणि कीटकांच्या जननाविषयीची अनेक वर्षांची टिपणे नाहीशी झाली. ही हानी त्यांच्या मनाला फार लागली.

सिद्धान्तात एक दुवा मात्र राहिला होता. रोहिणींमधील रक्त नीलांमध्ये जाते कसे? साध्या डोळ्यांना वाट दिसत नव्हती. गेलन यांची अदृश्य छिद्रे नाकारणाऱ्या हार्वे यांनाही अदृश्य मार्ग गृहीत धरावे लागले. फरक इतकाच, की त्यांच्या गृहीतामागे मोजमाप होते. ३ जून १६५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या.