तरफेचा उपासक : आर्किमिडीज

तोफा येण्यापूर्वी लढाईत दगड फेकणारी यंत्रे वापरीत. अशा यंत्रांच्या बळावर एका गणितज्ञाने बलाढ्य रोमला आपल्या शहराच्या तटाबाहेर थोपवून धरले. तो गणितज्ञ म्हणजे आर्किमिडीज.

इ. स. पूर्व २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगरात त्याचा जन्म झाला. वडील फिडियास खगोलशास्त्रज्ञ होते. गोल, वर्तुळ, तरंगणाऱ्या वस्तू हे त्याच्या चिंतनाचे विषय. टेकूपासून दुप्पट अंतरावर ठेवलेले निम्मे वजन तोल साधते, हा तरफेचा नियम त्याने गणिताने सिद्ध केला.

दगडफेकी यंत्रात हीच तरफ उलट्या अंगाने चालते. जनावरांच्या स्नायूंचे किंवा केसांचे दोर घट्ट पिळून त्यांत लाकडी दांडे अडकवीत व ते मागे खेचीत. माणसांनी हळूहळू खर्चलेली शक्ती त्या पिळात साठते. खटका सुटताच ती क्षणात दगडाला मिळते. यंत्र नवी शक्ती निर्माण करीत नाही. दांड्याच्या मुळाशी जोर मोठा पण हालचाल थोडी, टोकाशी जोर कमी पण वेग फार. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्वारीची पाखरे हाकलायला गोफण वापरतात, तिची दोरी म्हणजेही लांब केलेला हातच! हवेचा अडथळा सोडला, तर वेग दुप्पट होताच दगड चौपट लांब जातो.

इ. स. पूर्व २१३ मध्ये रोमन सेनापती मार्सेलस याने सिराक्यूजला वेढा घातला. लांब पल्ल्याच्या यंत्राचा दगड तटाला भिडलेल्या शत्रूच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून आर्किमिडीजने निरनिराळ्या पल्ल्यांची यंत्रे उभारली आणि तटात छिद्रे पाडून तेथे लहान यंत्रे बसविली. रोमनांना हल्ले थांबवून नाकेबंदी करावी लागली. पण एका उत्सवात पहारा ढिला पडला, शत्रू शिड्या लावून आत शिरला, आणि उरलेले शहर फितुरीने गेले. यंत्रे हरली नाहीत, माणसे गाफील राहिली. इ. स. पूर्व २१२ च्या त्या धामधुमीत, मार्सेलसची इच्छा नसताना, एका सैनिकाने या वृद्ध ज्ञानोपासकाला ठार केले.

त्याच्या थडग्यावर यंत्र नव्हे, तर गोल आणि दंडगोल कोरलेले होते. इ. स. पूर्व ७५ मध्ये रोमन अधिकारी सिसेरो याने ते काटेरी झुडपांतून शोधून काढले. सिराक्यूजचे लोक ते विसरून गेले होते!

शाळेची पायरी न चढलेले आपले वाडवडील सब्बलीने धोंडा उलथीत, तेव्हा त्याचाच नियम वापरीत. त्यामागचे कारण जाणून घेणे हे आता आपले, शिकणाऱ्यांचे काम आहे.