पियानोवादिका क्लारा शूमान

जर्मनीतील लाइपझिग शहरी १३ सप्टेंबर १८१९ रोजी क्लारा वीक हिचा जन्म झाला. चार वर्षांची झाली तरी ती बोलेना. तेव्हा मुलीला ऐकू येत नसावे, अशी शंका घरच्यांस आली. परंतु पियानोचे स्वर ती अचूक टिपत असे. वडील फ्रीडरिक वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक होते. आईवडील विभक्त झाल्यावर क्लारा वडिलांपाशी राहिली. रोज एक तास धडा आणि दोन तास सराव, असा त्यांचा कडक नेम होता. नवव्या वर्षी तिने जाहीर कार्यक्रमात वादन केले. सोळाव्या वर्षी तर पियानो व वाद्यवृंद यांसाठी स्वतः रचलेली मोठी रचना तिने लाइपझिगमध्ये सादर केली.

वडिलांचे एक शिष्य रॉबर्ट शूमान यांच्याशी विवाह करण्याचे क्लाराने ठरविले. वडिलांनी त्यास कडाडून विरोध केला. अखेर न्यायालयाने अनुमती दिली आणि १८४० साली हा विवाह झाला. रॉबर्ट हे थोर संगीतकार होते. ते रचना करीत असताना घरात शांतता हवी, म्हणून क्लाराबाईंना आपला सराव बंद ठेवावा लागे. तरीही मुलांचे संगोपन करून त्यांनी वादन व रचना सोडली नाही.

१८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेन शहरात बंड उसळले. बंडवाले रॉबर्ट यांना आपल्या पथकात ओढू पाहत होते. पतीला व थोरल्या मुलीला घेऊन क्लाराबाई घाईने शहराबाहेर पडल्या. तीन लहानगी दासीपाशी मागेच राहिली. त्या वेळी क्लाराबाई गरोदर होत्या. तरीही रात्रीच्या अंधारात, हत्यारबंद लोकांमधून वाट काढीत त्या परत गेल्या आणि मुलांना सुखरूप घेऊन आल्या.

याहून कठीण प्रसंग पुढे आला. १८५४ साली रॉबर्ट यांना मनोविकाराने ग्रासले व त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. लवकरच सातवे हयात मूल जन्मास आले. दोन वर्षांहून अधिक काळ वैद्यांनी पतिपत्नींची भेट होऊ दिली नाही. १८५६ मध्ये, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, ती झाली. मित्रांनी साहाय्यार्थ कार्यक्रम करण्याची तयारी दाखविली. पण क्लाराबाईंनी ती नाकारली. आपल्या दहा बोटांच्या बळावर मुलांना वाढवावयाचे, असा त्यांचा निर्धार होता. गावोगावी, देशोदेशी त्यांनी कार्यक्रम केले. या धावपळीत त्यांची स्वतःची रचना मात्र जवळजवळ थांबली. संसारासाठी त्यांनी दिलेली ही फार मोठी किंमत होती.

१८७८ साली फ्रँकफुर्टच्या संगीतविद्यालयात त्या पियानोच्या शिक्षिका झाल्या. दूरदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत. रचनाकाराने लिहिले तसेच, वाद्याचा गोडवा राखून वाजवावे, हा त्यांचा आग्रह असे. हात दुखू लागला, ऐकू कमी येऊ लागले, तरी १८९१ पर्यंत त्या जाहीर कार्यक्रम करीत राहिल्या. याच काळात त्यांनी पतीच्या समग्र रचनांचे संपादनही केले.

२० मे १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. बॉन येथे पतीशेजारीच त्यांची समाधी आहे. जर्मनीने १९९० साली काढलेल्या शंभर मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले होते. ज्या कलेने त्यांनी सात मुलांचे घर चालविले, त्या कलेचा दर्जा त्यांनी कधीही ढळू दिला नाही.