पाळी संपते, जबाबदारी उरते
फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जीवनकहाणी

दरवर्षी १२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी बाई, ही त्यांची ओळख आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून आहे. मात्र दिवा घेऊन फिरणारी व्यक्ती दमून झोपायला गेली की त्या रुग्णाकडे कोण पाहणार, हा प्रश्नही त्यांनीच जगापुढे ठेवला.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव त्यांना देण्यात आले. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, देव आपल्याला सेवेसाठी पाचारण करीत आहे अशी त्यांची खात्री झाली. घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. त्या काळी इंग्लंडमध्ये परिचारिकेच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत त्या सुमारे तीन महिने शिकल्या. १८५३ साली पॅरिसमध्ये त्यांनी कॅथलिक धर्मभगिनींचे सेवाकार्य जवळून पाहिले. त्या स्वतः अँग्लिकन पंथाच्या होत्या.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमींचे हाल ऐकून इंग्लंड हादरले. ऑक्टोबर महिन्यात ३८ स्त्रियांना घेऊन नाइटिंगेल तुर्कस्तानातील स्कुटारी येथे निघाल्या. त्यांतील १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनच्या बर्मंडसी कॉन्व्हेंटच्या सुपिरियर मदर मेरी क्लेअर मूर त्यांच्यातच होत्या. स्कुटारीच्या बराकीत इस्पितळ भरवले होते. तेथे जखमी सैनिक व्हरांड्यात दाटीवाटीने पडलेले, खालची गटारे तुंबलेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांतील सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारी पथकाने येऊन गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. एकट्या व्यक्तीची माया कितीही मोठी असली तरी व्यवस्थेवाचून ती अपुरी पडते, हा धडा त्यांना येथे मिळाला.

मे १८५५ मध्ये नाइटिंगेल स्वतःच तापाने अंथरुणाला खिळल्या. त्या मरणाच्या दारात असतानाही वॉर्डांचे काम चालू राहणे भाग होते. अशा वेळी विश्वासाने काम सोपवता येईल अशी माणसे लागतात. मदर क्लेअर मूर ही त्यांच्या अत्यंत विश्वासातील व्यक्ती. १८५६ च्या वसंतात आजारपणामुळे मदर मायदेशी परतल्या, पण दोघींचा स्नेह १८७४ साली मदरांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

प्रत्येक ठिकाणी असे जमले नाही. आयर्लंडहून आलेल्या मदर फ्रान्सिस ब्रिजमन व त्यांच्या भगिनी यांच्याशी अधिकारावरून त्यांचे खटके उडाले. अखेर १८५६ साली त्या भगिनी बालाक्लाव्हाचे इस्पितळ सोडून गेल्या. कोणाचे चुकले याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. दोन्हीकडे निष्ठावान सेविका होत्या, तरीही काम एका हातातून दुसऱ्या हातात कटुतेने गेले.

युद्धानंतर १८५७ पासून नाइटिंगेल बराच काळ आजारीच राहिल्या. अंथरुणावरूनच त्यांनी शुश्रूषेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात एक पूर्ण प्रकरण याच विषयावर आहे. आपण हजर असताना जे करतो, ते आपण हजर नसतानाही होईल अशी तजवीज करणे, यालाच त्या जबाबदारी म्हणतात. ही तजवीज नसेल तर उत्तम शुश्रूषाही वाया जाते, असे त्यांनी बजावले. बाहेर जाताना आपण कधी परतणार हे रुग्णाला स्पष्ट सांगावे, कारण श्रमापेक्षा वाट पाहणे आणि अनिश्चितता रुग्णाला जास्त थकवते. त्याच्या खोलीत कुजबुजू नये, कारण ते बोलणे आपल्याबद्दलच आहे असे समजून तो कान टवकारून पडून राहतो.

निरोप नेमका असावा, यावरही त्यांचा भर होता. रात्र बरी गेली, एवढे सांगून काही कळत नाही. रुग्ण किती तास झोपला आणि कोणत्या वेळी झोपला, हे सांगायला हवे. ताटातले अन्न उरले तर त्याला भूक नव्हती, की पदार्थ नीट शिजला नव्हता, की जेवणाची वेळ चुकली, हेही पाहायला हवे.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, नाइटिंगेल यांचे निधन झाले.

आज रुग्णालयात सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला हँडओव्हर देते. कोणत्या खाटेवरच्या रुग्णाचे सलाईन संपत आले, कोणाला रात्री ताप चढला, कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, हे सारे ती सांगते. सांगताना एक गोष्ट राहून गेली तर एखादे इंजेक्शन दोनदा दिले जाते किंवा मुळीच दिले जात नाही. म्हणूनच ड्यूटी संपल्यावरही सिस्टर अर्धा तास वॉर्डात थांबलेली दिसते. आपल्या घरची लेक किंवा सून नाइट ड्यूटीवरून उशिरा आली तर तिला उशिराचा जाब विचारण्याआधी तिच्यासाठी चहा ठेवावा.

हा धडा घरालाही लागू आहे. आजारी आईजवळ आज एक भाऊ, उद्या दुसरा बसतो. निघताना गोळी दिली की नाही, आई किती जेवली, रात्री किती वेळा उठली, हे वहीत लिहून ठेवले तर भावांमध्ये वाद होणार नाही. आणि आईलाही सांगावे, मी अमक्या वेळी परत येतो. मग ती निश्चिंतपणे डोळे मिटेल.