बुद्धाच्या शोधात डोंगर चढून नेपाळ गाठलं, पण धर्मानंद कोसंबींना बुद्ध सापडला श्रीलंकेत

आज नेपाळचा ट्रेक म्हणजे बॅकपॅक आणि रील्स. 1902 मध्ये गोव्याचा एक 25 वर्षांचा तरुण तिथले डोंगर पायी चढला, तो बौद्ध धर्म शिकायला. त्याचं नाव धर्मानंद कोसंबी.

जन्म 1876 चा, गाव साखवाळ. शाळा जेमतेम झालेली, घरी नारळाची बाग. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि डोक्यात तेच बसलं. 1899 च्या अखेरीस बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडलं. हे आजही खटकतं. खटकायलाच हवं.

पुण्याहून ग्वाल्हेर, मग काशी. तिथं अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. तिथूनच नेपाळची वाट धरली. काठमांडूला तेव्हा गाडीरस्ता नव्हता. तराईचं जंगल, भीमफेदीची चढण, शेवटी चंद्रागिरीची खिंड, अशी ती वाट.

एवढं करून वर पोचले, तर तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था बघून निराशाच झाली. दुसरा कुणी घरी परतला असता. हे बोधगयेला गेले, तिथून कलकत्तामार्गे थेट कोलंबो. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर झाले आणि पाली शिकले.

पुढे ते संसारात परतले. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना 50 रुपये देऊ केले. अट एकच, महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. 1910 मध्ये हार्वर्डनं बोलावलं. 1912 पासून फर्ग्युसनची पोरं त्यांच्याकडे पाली शिकू लागली.