प्रियदर्शी अशोकाची क्षमा

पाठशाळेत अलुक् समास शिकविताना 'देवानांप्रिय' हा शब्द हटकून येतो. पूर्वपदाची विभक्ती लोपली नाही म्हणून अलुक्; आणि अर्थ काय, तर मूर्ख. पोराने घोकावा आणि पुढे जावे. परंतु सज्जनहो, हा शब्द एका चक्रवर्ती राजाचे बिरुद होता. त्याने तो शिळांवर आणि उंच स्तंभांवर कोरविला. पुढील काळातील वैयाकरणांनी त्याचा अर्थ असा का फिरविला, त्या वादात मी शिरत नाही. राजा कोण होता ते पाहू.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू, बिंदुसाराचा पुत्र. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. राज्याभिषेक इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास झाला. सिंहलद्वीपातील ग्रंथ सांगतात की ह्याने ९९ भाऊ मारून गादी मिळविली. कीर्तनात रंगवायला कथा बरी आहे हो; पण राजाच्या स्वतःच्या लेखात भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख येतो, तेव्हा ती कथा बाजूला ठेवलेली बरी. लिपीच विसरल्यामुळे हे लेख कित्येक शतके मुके होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्या इंग्रजाने ती ब्राह्मी लिपी उलगडली, आणि १९१५ साली मस्की येथील लेखात अशोक हे नाव सापडले.

अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंगावर, म्हणजे आजच्या ओडिशाच्या बाजूला, स्वारी केली. एक लक्ष माणसे तेथे मारली गेली, दीड लक्ष धरून नेली, आणि त्याच्या कितीतरी पट पुढे मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, जिंकणाऱ्याने स्वतः कोरविले आहेत. राजेलोक दगडावर काय कोरतात? आपले विजय, आपले दान. ह्याने आपल्या पापाचा जमाखर्च कोरला. मेले त्यांचेच नव्हे, तर जे स्वतः वाचले पण ज्यांचे सोयरेधायरे गेले, त्यांचेही दुःख त्याने आपल्या खाती मांडले.

आता एक कटू गोष्ट. ही कबुली देणारा तेरावा लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. धौली आणि जौगड येथे त्याच्या जागी दुसरेच लेख आहेत. ज्यांची माणसे मारली त्यांच्या तोंडावर बोलण्याचे धैर्य झाले नाही, की जखमेवर मीठ नको असे वाटले, ते त्याचे तोच जाणे. कलिंग त्याने परत दिले नाही. दीड लक्ष बंदी सुटून घरी गेले, असेही कोणत्या लेखात म्हटलेले नाही. पश्चात्ताप खरा मानला तरी ही बाकी खात्यावर राहते, आणि थोरवी गाताना ती झाकून ठेवणे मला पटत नाही.

मुक्या जिवांचा हिशेब मात्र त्याने आपल्याच मुदपाकखान्यापासून सुरू केला. पूर्वी तेथे कालवणासाठी रोज शेकडो सहस्र प्राणी मारले जात, असे तोच सांगतो. लेख कोरविला त्या वेळी संख्या तिनावर आली होती : दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिण तेही रोज नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. आता बघा, आजपासून एकही नाही असे कोरून टाकणे त्याला काय अवघड होते? कोण राजाच्या स्वयंपाकघरात डोकावणार होते! पण तीन मरत होते, म्हणून तीन लिहिले. यज्ञात जीव मारण्यास त्याने बंदी घातली. माणसांसाठी तशी जनावरांसाठीही औषधोपचाराची सोय केली, औषधी मुळे आणि वनस्पती नाहीत तेथे त्या आणवून लावल्या, वाटेवर विहिरी खणविल्या.

शिकारीचेही तसेच. पूर्वीचे राजे मृगयेला निघत. ह्याने अभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिवृक्षाची यात्रा केली आणि तेव्हापासून मृगयेच्या जागी धर्मयात्रा आली. हे सांगणाऱ्या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना मिळाला. पायी वारी करणाऱ्याला त्या तुकड्याचे अप्रूप वाटावे.

पुढे, अभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर, त्याने स्तंभावर एक लांबलचक यादी कोरविली. पोपट, मैना, हंस, कासव, खार, साळिंदर, वटवाघूळ, इतकेच काय, मुंग्यांची राणीसुद्धा अवध्य. शेळी, मेंढी, डुकरीण गाभण असेल किंवा दूध पाजत असेल तर मारू नये. पिल्लू सहा महिन्यांच्या आतले असेल तर मारू नये. ज्या भुशात जीव असतील ती जाळू नये, उगाच रान पेटवू नये, एक जीव दुसऱ्याला चारू नये. चातुर्मासाच्या पौर्णिमांना आणि उपवासाच्या दिवशी मासे मारणे व विकणे बंद. नेमलेल्या तिथींना बैल, बोकड, मेंढे खच्ची करू नयेत. काही दिवशी बैल आणि घोडे डागूही नयेत. म्हणजे सर्व हत्या बंद झाली का? नाही. पण सहा महिने मोजता येतात, तिथी पंचांगात दिसते. पाळणाऱ्याला पाळता येते आणि अधिकाऱ्याला तपासता येते.

ह्याच लेखाच्या शेवटी, पशुपक्ष्यांच्या यादीला लागूनच, तो सांगतो की ह्या २६ वर्षांत २५ वेळा त्याने बंदिवानांना मोकळे केले. म्हणून त्याची क्षमा ढिली होती, असे कोणी समजू नये. तेराव्या लेखात तो अरण्यातील टोळ्यांना सांगतो की क्षमा करण्यासारखे असेल ते क्षमा केले जाईल. पण राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य गेलेले नाही, तेव्हा आपल्या कृत्यांची लाज धरा आणि जिवाला मुकू नका. काहींना ही साधी धमकी वाटते. धमकी आहेच. शिवाय ज्यांचे पोटच शिकारीवर, त्यांना हे नियम किती जड गेले असतील, तेही मनात येते. पण लक्ष माणसांच्या हत्येचा हिशेब स्वतः आधी मांडून मग हा दुसऱ्याकडे हिशेब मागतो, एवढा फरक धमकी देणाऱ्या इतर राजांत नि ह्याच्यात आहे.

फाशी त्याने रद्द केली नाही. देहान्ताची शिक्षा झालेल्याला तीन दिवस मुदत दिली. तेवढ्यात नातलगांनी अधिकाऱ्यांकडे जाऊन रदबदली करावी. कोणी नसेल किंवा ऐकले गेले नाही, तर त्या जिवाने दान, उपवास करून परलोकाची तयारी करावी. न्याय व दंड सर्वांना सारखा असावा, असे त्याने राजुक नावाच्या अधिकाऱ्यांना बजाविले. धर्ममहामात्र नेमले, कैद्याला लेकरे आहेत का, तो जराजर्जर आहे का, हे पाहून त्याच्या सुटकेची खटपट करणे त्यांच्याकडे दिले.

अखेरीच्या एका लेखात तो म्हणतो की प्राणिवधाचे नियम आपण केले खरे, पण नियमापेक्षा समजावणीने काम जास्त झाले. आम्हा कीर्तनकारांना हे ऐकून गुदगुल्या होतात! परंतु जत्रेतला बोकड वर्षानुवर्षे आमचे कीर्तन ऐकतो आणि कापला जातो, हेही खरे. अशोकाने समजावणी मोठी म्हटली, पण नियम पुसला नाही. १९५८ साली कंदाहारला ग्रीक व अरामी भाषांतला त्याचा एक लेख सापडला. राजाचे शिकारी आणि कोळी ह्यांनी आपला धंदा सोडला, असे त्यात नमूद आहे.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोक वारला. जगन्नाथपुरीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी भुवनेश्वरहून निघाल्यावर वाटेत धौलीला थोडे थांबावे. कलिंगातील अधिकाऱ्यांना त्याने दिलेली ताकीद तेथे शिळेवर आहे : सर्व माणसे माझी लेकरे आहेत, विनाकारण कोणाला कोंडू नका, कोणाला छळू नका, आणि हे पाळले जाते की नाही ते पाहायला दर पाच वर्षांनी माणूस येईल. लेखाच्या वरच्या बाजूला त्याच खडकातून एका हत्तीचे पुढचे अंग कोरून काढले आहे.